फलाटावर एकटे मूल दिसले तर: पहिल्या काही तासांत काय करावे, काय टाळावे

सुनीता_कल्याण (धागालेखिका)

नाशिककडून येणारी आणि पुण्याकडून येणारी अशा मध्य रेल्वेच्या दोन्ही वाटा कल्याणला एकत्र येतात आणि लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या येथे थांबतात. त्यामुळे घर सोडून मुंबईला निघालेली पुष्कळ मुले मुंबईच्या आधी कल्याणलाच उतरतात. काहींना तिकीट तपासनीस उतरवतो, तर काहींना हीच मुंबई वाटते. अशा मुलांशी बोलणाऱ्या एका गटासोबत मी काही वर्षे स्थानकावर जात आहे. ओळखीचे लोक वारंवार विचारतात की, असे मूल दिसले तर आम्ही नेमके काय करायचे? प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, म्हणून हा धागा काढला आहे.

आधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. रस्त्यावर दिसणारे प्रत्येक मूल घरातून पळालेले नसते. टाटा समाजविज्ञान संस्था आणि ॲक्शनएड यांनी मुंबईत केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत रस्त्यावर राहणारी वा काम करणारी ३७,०५९ मुले मोजली गेली आणि त्यांतील बहुसंख्य मुले आपल्या कुटुंबासोबतच राहत होती. त्यांचे प्रश्न घराचे, शाळेचे आणि आईबापांच्या रोजगाराचे आहेत व ते वेगळ्या मार्गाने सोडवावे लागतात. हा धागा केवळ एकट्या मुलांविषयी, त्यातही नुकत्याच आलेल्या मुलांविषयी आहे.

नवे मूल ओळखता येते. त्याच्या अंगावरचे कपडे अजून धडके असतात, पायांत चप्पल असते, बहुधा शाळेचे दप्तर किंवा एखादी पिशवी असते. जुनी मुले फलाटावर घरासारखी वावरतात. नवे मूल मात्र पाणपोईजवळ किंवा जिन्याखाली एकाच जागी बसून राहते, गणवेशातला माणूस दिसला की उठते आणि तो गेला की परत तेथेच येते. त्याला भूक लागलेली असते, पण मागण्याची सवय नसते. पहिले काही तास महत्त्वाचे असतात ते याचमुळे, कारण त्याची भूक आणि गोंधळ आपल्या आधी दुसऱ्याच्या लक्षात येण्याचा संभव मोठा असतो. हॉटेलात कामाला लावतो म्हणणारा, रात्री झोपायला जागा देतो म्हणणारा, डबे झाडून पैसे कसे मिळवायचे ते शिकवणारा थोडा मोठा मुलगा, आणि त्या मुलाच्या हातातली, नशेसाठी हुंगायची, सोल्यूशनने भिजवलेली चिंधी, हे सगळे पहिल्याच रात्री भेटू शकते. एकदा फलाटाची सवय झाली की त्या मुलाला परत वळवायला महिनोन्महिने लागतात.

बोलायला सुरुवात नाव-गाव विचारून करू नये. जेवलास का, पाणी हवे का, कोणत्या गाडीने आलास, इतके पुरे. सुरुवातीला सांगितलेले नाव आणि पत्ता बहुतेक वेळा खोटा असतो. त्यावरून मुलाला खोटारडे ठरवू नये, कारण ते स्वतःला वाचवत असते. खरा पत्ता आडवाटेने सापडतो. गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, नदी कोणती, शाळेच्या गुरुजींचे नाव काय, गाडी कोणत्या स्थानकावर पकडली, अशा प्रश्नांची उत्तरे मूल सहज देते आणि त्यावरून तालुका कळतो.

यानंतर १०९८ वर फोन करावा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने तो मुंबईत प्रयोग म्हणून सुरू झाला आणि पुढे देशभर गेला. २०२३ पासून तो स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्याऐवजी राज्यांच्या महिला व बाल विकास विभागांमार्फत चालवला जातो आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला आहे. स्थानकाच्या आवारात असाल तर लोहमार्ग पोलीस, रेल्वे सुरक्षा दल किंवा १३९ हा रेल्वेचा क्रमांक यांपैकी कोणाशीही संपर्क साधता येतो. मदत येईपर्यंत मुलाजवळ थांबावे, शक्यतो आणखी एका व्यक्तीला, विशेषतः एखाद्या महिलेला, सोबत घ्यावे आणि चहाच्या टपरीसारख्या उजेडाच्या, वर्दळीच्या जागी बसावे.

टाळण्याच्या गोष्टी तीन आहेत आणि तिन्ही चांगल्या हेतूनेच केल्या जातात. मुलाच्या हातात रोख पैसे देऊ नयेत. त्याला स्वतःच्या घरी नेऊ नये. त्याचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवू नये.

रोहित_के

सुनीताताई, माहिती उपयुक्त आहे, पण प्रत्यक्षात हे इतके सरळ घडत नाही. मागच्या पावसाळ्यात एका मोठ्या स्थानकावर दहा-अकरा वर्षांचा मुलगा रडताना दिसला म्हणून मी त्याला घेऊन पोलीस मदत कक्षात गेलो. तेथे सांगण्यात आले की मूल पुलावर सापडले असेल तर ती हद्द शहर पोलिसांची आहे. शहर पोलिसांच्या चौकीत सांगण्यात आले की मूल रेल्वेने आले असेल तर ते रेल्वेचे काम आहे. शेवटी माझेच नाव, पत्ता आणि ‘तुमचा या मुलाशी संबंध काय’ हे दोनदा लिहून घेतले गेले. त्या मुलाचे पुढे काय झाले ते मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही. अशा अनुभवानंतर सामान्य माणूस पुन्हा या भानगडीत पडेल, असे मला वाटत नाही.

मृण्मयी_वकील

रोहित, आपला अनुभव अपवादात्मक नाही, म्हणूनच कायदा काय म्हणतो ते येथे नोंदवते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार घरातून पळून आलेले, हरवलेले किंवा रस्त्यावर राहणारे मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. त्याला गुन्हेगार समजता येत नाही आणि कोठडीत ठेवता येत नाही. कलम ३२ प्रमाणे असे मूल ज्याला सापडते आणि जो त्याला आपल्या देखरेखीखाली घेतो, त्याने प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत १०९८, जवळचे पोलीस ठाणे, बाल कल्याण समिती (अशा मुलांविषयी निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणाला तरी कळवणे किंवा मुलाला नोंदणीकृत संस्थेकडे सोपवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कर्तव्य पोलीस कर्मचाऱ्यालाही तितकेच लागू आहे. कलमात ‘जवळचे पोलीस ठाणे’ असे म्हटले आहे. पूल कोणाचा आणि फलाट कोणाचा, याचा निवाडा आधी करा, असे त्यात कोठेही नाही. हद्दीचा वाद पोलिसांनी आपसात मिटवायचा असतो.

व्यवहारात मी असे सुचवीन की, मूल सोपवताना ठाण्याच्या दैनंदिनीतील नोंदीचा क्रमांक आणि मूल ज्यांनी ताब्यात घेतले त्यांचे नाव व पद लिहून घ्यावे. हा क्रमांक मागितला की संभाषणाचा सूर बदलतो, हा अनेकांचा अनुभव आहे. तो हाती असला तर दुसऱ्या दिवशी बाल कल्याण समितीकडे ‘अमुक नोंदीचे मूल आपल्यापुढे हजर झाले का’ अशी विचारणा करता येते. गोपनीयतेमुळे समिती मुलाचा तपशील देणार नाही, मात्र विचारणा झाली आहे हे समितीला कळते आणि तेवढ्यानेही फरक पडतो.

घरी नेण्याविषयी धागालेखिकेने एका वाक्यात सांगितले आहे. त्यामागचे कारण असे. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या प्रत्येक तक्रारीत प्रथम माहिती अहवाल नोंदवावा आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरावी, असा आदेश दिला. म्हणजे तिकडे त्या मुलाच्या गावी बहुधा अपहरणाचा गुन्हा नोंदवला गेलेला असतो आणि इकडे ते मूल आपल्या घरी जेवत असते. आपला हेतू कितीही निर्मळ असला तरी कागदावर ही परिस्थिती चांगली दिसत नाही. छायाचित्राविषयी कलम ७४ स्पष्ट आहे. मुलाची ओळख उघड करणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल असा गुन्हा आहे. त्याशिवाय ज्या घरातून मार खाऊन मूल पळाले, त्याच घरापर्यंत ते छायाचित्र सर्वांत आधी पोहोचते.

भाऊसाहेब_मनमाड

मी रेल्वेच्या तिकीट तपासणी विभागातून निवृत्त झालो. मनमाडला भुसावळची वाट, मराठवाड्याची वाट आणि दौंडची वाट मिळते, त्यामुळे असली मुले नोकरीभर पाहिली. वर म्हटले आहे की मुलाला तिकीट तपासनीस उतरवतो. हे खरे आहे, परंतु उतरवून तेथेच सोडणे आणि उतरवून स्थानक प्रबंधकाच्या कार्यालयात पोहोचवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूर्वी हे ज्याच्या त्याच्या मनावर असे. रेल्वे मंत्रालयाने २०१५ मध्ये स्थानकांवर सापडणाऱ्या मुलांसाठी लेखी कार्यपद्धती घालून दिली आणि रेल्वे सुरक्षा दलाने २०१८ पासून ‘नन्हे फरिश्ते’ नावाची मोहीम चालवली, तेव्हापासून निदान काय करायचे ते कागदावर आहे.

मुले का पळतात, याविषयी लोकांच्या मनात सिनेमानटांना भेटायला निघालेल्या पोराचे चित्र असते. तशीही असतात. पण मला जास्त भेटली ती मार चुकवायला निघालेली, नापास झाल्यावर घरी तोंड कसे दाखवू म्हणून निघालेली आणि हल्लीच्या काळात मोबाईल काढून घेतल्याच्या रागात निघालेली. आणखी एक प्रकार शहरातल्या लोकांना ठाऊक नसतो. आश्रमशाळेच्या वसतिगृहातून घरच्या ओढीने निघालेली लहान मुले चुकीच्या गाडीत बसतात. ती खरे तर घराकडे पळत असतात. अशा मुलाला ‘पळपुटा’ म्हणून दरडावले की ते गावाचे नावसुद्धा सांगत नाही.

मुलींविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. फलाटावर एकटी मुलगी फार वेळ दिसत नाही, याचा अर्थ मुली पळत नाहीत असा नाही. त्यांना हेरणारी माणसे लवकर येतात आणि त्यात बायकाही असतात, ज्यांच्यावर मुलगी सहज विश्वास ठेवते. एकट्या मुलीजवळ कोणी ‘मावशी’ आपुलकीने बसलेली दिसली आणि दोघींची बोली निरनिराळी वाटली, तर महिला पोलिसाला बोलवायला संकोच करू नये. नाते खरे निघाले तर दोन मिनिटे वाया जातील, इतकेच.

या कामात सर्वांत तीक्ष्ण नजर हमालांची, चहावाल्यांची आणि बूटपॉलिशवाल्यांची असते. नवे पोर उतरले की त्यांना आपल्या आधी कळते. संस्थांनी आपला क्रमांक भिंतीवर लावण्याच्या आधी त्यांच्या खिशात द्यावा.

परखड

सगळे मुलाला ‘सोपवा’ म्हणत आहेत, पण सोपवायचे कोठे? मुंबईतले डोंगरीचे निरीक्षणगृह ज्या वास्तूत आहे, ती मुळात तुरुंग होती. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातच शिक्षा भोगली. भिंती त्याच, फक्त पाटी बदलली. अशा ठिकाणी डांबलेले मूल पहिली संधी मिळताच पळून पुन्हा फलाटावर येते आणि या वेळी कोणावरही विश्वास ठेवायचा नाही हे शिकून येते. त्याला दोन वेळचे जेवण आणि कपडे देऊन तेथेच राहू द्यावे, हे अधिक माणुसकीचे नव्हे काय?

वैजयंती_पुणे

मी एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर सदस्य म्हणून काम केले आहे, त्यामुळे परखड यांच्या प्रश्नाला उत्तर देणे मला भाग आहे.

निरीक्षणगृह हे कायद्याशी संघर्ष झालेल्या, म्हणजे ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा मुलांसाठी असते. पळून आलेल्या मुलासाठी बालगृह किंवा खुले निवारागृह असते. खुल्या निवारागृहात मूल अल्पकाळ राहते, जेवते, झोपते आणि शिकते. त्याचे स्वरूप बंदिस्त नसते. मुंबईत सगळीकडे एकच ‘रिमांड होम’ हा शब्द वापरला जात असल्यामुळे पोलीस शिपायापासून पालकांपर्यंत सगळ्यांच्या मनात ही सरमिसळ झालेली आहे. मात्र आपल्या आक्षेपातील गाभा मी नाकारत नाही. अनेक बालगृहांत मुले अधिक आणि समुपदेशक कमी असतात, दिवसभर करायला काही नसते आणि मोठ्या मुलांची दादागिरी चालते. अशा ठिकाणाहून मुले पळतात, हे सत्य आहे. त्यावर फलाट हा पर्याय नाही, कारण तेथेही दादागिरी आहे आणि तिची तक्रार करायला कोणी नाही.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिने महिन्यातून किमान वीस दिवस बसावे, अशी तरतूद आहे. समितीची बैठक नसेल तेव्हा मुलाला एकट्या सदस्यापुढेही हजर करता येते. त्यामुळे ‘आज रविवार आहे, समिती नाही’ असे कोणी म्हणाले तर ते मान्य करण्याचे कारण नाही. मुलाची चौकशी चार महिन्यांत पूर्ण व्हावी लागते आणि त्यासाठी घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल मागवला जातो. प्रत्यक्षात सगळे घोडे येथेच अडते. मूल परराज्यातले असेल तर अहवाल तिकडच्या जिल्ह्यातून येतो, हा अहवाल लिहिणाऱ्या एकेका परिविक्षा अधिकाऱ्याकडे फार मोठे क्षेत्र असते, आणि कधीकधी घराला भेट न देता सरपंचाला फोन करून अहवाल लिहिलेला असतो हे वाचताच लक्षात येते. ‘कुटुंबाची परिस्थिती बरी असून पालक मुलास नेण्यास इच्छुक आहेत’ या एका वाक्यावर मुलाला परत पाठवणे मला नेहमीच धोक्याचे वाटले आहे. बाप दारू पिऊन मारतो म्हणून आलेले मूल त्याच बापाच्या सहीवर घरी जाते, आणि मग आपण त्याला पुनर्वसन म्हणतो.

माझे मत असे आहे की, मूल घरी पोहोचले हा आकडा मोजून आपण फार लवकर समाधानी होतो. रेल्वे, पोलीस, संस्था यांच्या अहवालांत किती मुले पालकांच्या स्वाधीन केली ते ठळकपणे असते. सहा महिन्यांनी त्यांतली किती घरी टिकली, हे क्वचितच सापडते. ज्या मुलाला घरी पाठवले त्याच्या गावात शाळेचे मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका किंवा ग्राम बाल संरक्षण समितीपैकी एका तरी व्यक्तीला नावानिशी जबाबदारी दिली, तर मूल टिकण्याची शक्यता वाढते, असे मी पाहिले आहे. पैशाची अडचण असेल तर योजनाही आहेत. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वात ४,००० रुपयांची तरतूद आहे. दोन्ही योजनांच्या अटी वेगवेगळ्या आहेत, म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावे. परंतु मूल घरी पाठवण्याच्या आदेशासोबतच हा अर्ज भरून घेतला गेला पाहिजे. नंतर तो भरायला कोणी येत नाही.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरचा प्रश्न तर अधिकच बिकट आहे. २०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आणले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र पळून आलेल्या मुलाचे आईवडील कोठेतरी हयात असतात, त्यामुळे ते अनाथ ठरत नाही, आणि त्या आईवडिलांचा त्याला उपयोगही नसतो. अनुरक्षण गृहाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांच्या निवासाची, सोय एकवीस वर्षांपर्यंत आहे, तीही जागा असेल तर.

केतकी_न्यूजर्सी

वैजयंतीताई, आपला प्रतिसाद वाचून अंतर्मुख झाले. आमच्या मराठी मंडळातील काही कुटुंबांना या कामासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची आहे. संस्था कशी पारखावी आणि कोणत्या कामासाठी पैसे द्यावेत?

सुनीता_कल्याण (धागालेखिका)

केतकी, विदेशातून येणारी देणगी घ्यायची तर संस्थेकडे विदेशी अंशदान नियमन कायद्याखालील नोंदणी असावी लागते, ते आधी पाहावे. मुलांना मुक्कामी ठेवणारी संस्था असेल तर बाल न्याय कायद्याखालील नोंदणी प्रमाणपत्र मागावे. नोंदणीविना मुले ठेवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे टाळाटाळ झाली तर तेथेच थांबावे. मुलांची छायाचित्रे आणि त्यांच्या दुःखाच्या कहाण्या नावांसकट पाठवून पैसे मागणाऱ्या संस्थेपासून मी स्वतः लांब राहते.

कशासाठी द्यावेत याविषयी माझे मत स्पष्ट आहे. धान्य, कपडे, वह्या आणि वाढदिवसाचे जेवण यांसाठी स्थानिक दाते मिळतात. काही बालगृहांत तर मुलांना एकाच रविवारी दोनदा केक खावा लागतो. समुपदेशकाचा पगार आणि घरभेटीचा प्रवासखर्च यांसाठी कोणी देत नाही, कारण त्याचे छायाचित्र निघत नाही. वैजयंतीताईंनी सांगितलेला सहा महिन्यांनंतरचा पाठपुरावा याच दोन गोष्टींवर चालतो. आपल्या मंडळाने संस्थेला सरळ सांगावे की आमचे पैसे घरभेटींसाठी वापरा आणि वर्षअखेरीस मुलांची नावे न देता किती घरांना पुन्हा भेट दिली, तेवढे कळवा.

नागपूरकर_जोशी

पत्ता शोधण्याच्या संदर्भात एक भर. जबलपूरहून हरवलेले एक गतिमंद मूल नागपूर स्थानकावर सापडले होते आणि नागपुरातच वाढले. २०२१ मध्ये त्याचे आधार काढताना बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असल्याचे दिसून आले आणि सुमारे दहा वर्षांनी त्याच्या आईवडिलांचा पत्ता लागला. तेव्हापासून बालगृहातल्या पत्ता न सांगू शकणाऱ्या मुलांच्या बाबतीत आधार केंद्राची मदत घेण्याकडे कल वाढला आहे. मात्र फार लहान मुलांचे ठसे आधारसाठी घेतलेले नसतात, त्यामुळे तेथे हा मार्ग चालत नाही.

रोहित_के

मृण्मयीताईंनी सांगितलेला नोंद क्रमांकाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. पुढच्या वेळी तो मागेन. एक शंका उरते. मूल स्वतःच ‘मला घरी जायचे नाही’ म्हणत असेल, तर त्याच्या म्हणण्याला समितीपुढे काही किंमत असते का? माझ्यासोबत आलेला मुलगा वाटेत एवढे एकच वाक्य बोलला होता.

वैजयंती_पुणे

असते. मुलाचे म्हणणे ऐकून घेणे आणि त्याच्या वयाप्रमाणे व समजुतीप्रमाणे ते विचारात घेणे, हे या कायद्याच्या मूलभूत तत्त्वांपैकी एक आहे. म्हणून असे वाक्य ऐकले की, मूल सोपवताना ते आपल्या जबाबात मुलाच्याच शब्दांत लिहून द्यावे आणि ते कधी व कोठे म्हणाले तेही नोंदवावे. समितीपुढे येईपर्यंत मूल चार ठिकाणी फिरलेले असते, दमलेले असते, आणि तोवर पालक येऊन बाहेरच्या बाकावर बसलेले असतील तर ते बहुधा ‘जातो घरी’ एवढेच म्हणते. अशा वेळी फलाटावर पहिल्या माणसाला सांगितलेले वाक्य कागदावर असेल, तर सदस्य पालकांना बाहेर थांबवून मुलाशी पुन्हा एकट्याने बोलू शकतात आणि मुलाला लगेच घरी न पाठवता आधी घरभेटीचा अहवाल मागवू शकतात. ते वाक्य कागदावर नसेल, तर सदस्यांना ते कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.